फक्त हात दिसू देत

प्रिय चिकट्या,

तुझे केस विरळ व्हायला लागले तरी मी तुला याच नावाने हाक मारणार, कारण खळीच्या बादलीत कोपरापर्यंत हात घालून बसलेला तू मला अजून दिसतोस. पोस्टाचं पाकीट बघून दचकला असशील. आईकडे फोन आहे, मेसेज करता येतो, व्हिडिओसुद्धा काढता येतो, मग हे काय नवीन खूळ, असंच ना? तर ऐक. फोनवर तू एका कानाने माझं ऐकतोस आणि तिकडे बोटं टकाटक काहीतरी टाइप करत असतात, ते मला इकडे ऐकू येतं. मेसेज केला तर तू अंगठा पाठवतोस. दोन दिवस नळाला पाणी नाही, अंगठा. माझी दाढ काढली, अंगठा. तुझ्या मावशीचं पडून मनगट मोडलं, त्यालाही अंगठा. त्या पिवळ्या अंगठ्याने माझं डोकं फिरलंय. कागदावर अंगठा उमटवायचा तर तुला आधी शाई शोधावी लागेल, तेवढ्या वेळात पत्र वाचून तरी होईल, या आशेवर लिहितेय.

मुद्द्याचं आधी सांगते. पुढच्या नव्हे, त्याच्या पुढच्या रविवारी सकाळी अकरा वाजता ‘बाबांसोबत, थेट बाइंडिंगच्या टेबलावरून’ असं जे तू मला न विचारता आपल्या ‘बाबांची वही’च्या पेजवर जाहीर करून बसला आहेस, ते होणार नाही. चार हजार लोकांनी येतो म्हणून कळवलंय, हे तू मला तीनदा सांगितलंस. मी गेला आठवडाभर कारणं देतेय आणि तू एकेक कारण निकालात काढतोयस. टेबल डगमगतं म्हटलं, तर पायाखाली पुठ्ठा घाल. सकाळी त्या खोलीत उजेड नसतो म्हटलं, तर तिसऱ्या दिवशी दारात हा एवढा मोठा गोल दिवा हजर. तो मी कोपऱ्यात उभा केलाय आणि येताजाता त्याला पाय अडखळून तुझ्या नावाने बोटं मोडतेय. शेवटी यांचा घसा बसलाय म्हटलं, तर म्हणालास, उत्तमच, बाबांनी बोलायचंच नाही, नुसते हात चालवायचे. त्यावर माझ्याकडे उत्तर होतं. पण ते फोनवर देण्यासारखं नव्हतं.

तुझे व्हिडिओचे नियम मी शिकंज्यावरच्या भिंतीला चिकटवून ठेवलेत. शिकंज्यात पुस्तक दाबायला चाक फिरवलं की ते नेमके डोळ्यांसमोर येतात. मंगळवार, गुरुवार, शनिवार, चुकवायचं नाही, एकदा खंड पडला की लोक विसरतात. पहिल्या तीन सेकंदांत काहीतरी हललं पाहिजे. एका व्हिडिओत एकच काम. फोन उभा. रोज तीच खिडकी, तोच उजेड, म्हणजे लोकांनी नुसता रंग बघून ओळखावं की हे आपलं. प्रत्येकाला तासाभरात उत्तर. वही विकायला जाऊ नकोस, गोष्ट सांग, वही आपोआप विकली जाते. आणि सगळ्यांत खाली लाल पेनाने, चेहरा नको, फक्त हात दिसू देत, कारण नुसते हात प्रत्येकाला आपल्याच वडिलांचे वाटतात. हे शेवटचं तू फोनवर सांगितलंस तेव्हा मी मनात म्हटलं होतं, पोरगं हुशार आहे. अक्कल तुझी, हे मी कधी नाकारलं नाही. दोन वर्षांपूर्वी आपल्याकडे काय यायचं? कुणाचा प्रबंध, कुणाच्या कचेरीची जाडजूड रजिस्टरं, तीही कमी कमी होत चाललेली. आता ‘बाबांची वही’ अशा ठिकाणी जाते की ती नावं मला नकाशात शोधावी लागतात.

पण त्यापायी माझा जो जीव जातो, तो तुझ्या आलेखात कुठे दिसत नाही. वहीत रेघा आहेत का, हे मला दिवसातून सात माणसं विचारतात आणि सातही जणांना मी नव्या उत्साहाने सांगायचं की नाहीत. एक गृहस्थ दर शनिवारी फक्त ‘वा’ लिहितात, त्या ‘वा’ला काय उत्तर द्यायचं ते तू आजतागायत सांगितलेलं नाहीस. एका बाईंना संगीत नको, नुसता कागदाचा आवाज हवा, त्यावर त्यांना झोप लागते म्हणे. म्हणून मी पंखा बंद करून, घामाघूम होऊन, श्वास धरून कागद दुमडते, आणि नेमकी शेवटच्या घडीला शिंक येते. मग पुन्हा पहिल्यापासून. एकदा मागे कुकर वाजला, तर तू म्हणालास, हे ठेव, हे खरं वाटतं. पुढच्या खेपेला मी मुद्दाम कुकर लावला, तर म्हणालास, हे मुद्दाम केल्यासारखं वाटतं. तूच सांग, माणसाने करायचं तरी काय?

आणि ते थोपटणं. दुमडलेल्या कागदांचे फर्मे शिवून शेवटची गाठ मारली की दोन बोटांनी वहीच्या पाठीवर दोनदा थोपटायचं. एका व्हिडिओत ते चुकून दिसलं आणि लोक त्याच्यासाठी वेडे झाले. कुणी लिहिलं, मी त्या दोन टिचक्यांसाठीच शेवटपर्यंत थांबतो. तू लगेच तेच धरलंस. नावाखाली दोन छोट्या रेघा, तोच आपला शिक्का, तोच आता प्रत्येक वहीच्या मागच्या पुठ्ठ्यावर. वर तू लिहिलंस, ‘माझे बाबा प्रत्येक वहीला शाबासकी देऊन निरोप देतात. लहानपणापासून हे बघत मी मोठा झालो.’ अकरा हजार लोकांना ते आवडलं. मी ते वाचलं, फोन पालथा घातला आणि कपडे वाळत घालायला गेले. तेव्हा मला जो राग आला होता, तो अजून गेलेला नाही.

तू त्या टेबलाखाली वाढलास रे. आपल्याकडे कोण काय करायचं, हे तुला आठवू नये? कागद दुमडणं, फर्मे क्रमाने लावणं, शिवणं हे माझं. कापायचं यंत्र, हातोडीने पाठ गोल करणं, पुठ्ठा, कापड आणि वरची सोनेरी अक्षरं हे तुझ्या बाबांचं. तीस वर्षांत त्यांनी सुई हातात धरली नाही. शर्टाचं बटण तुटलं तर ते खळीने चिकटवायला बघायचे, त्यावर आपण किती हसलो होतो. आणि गाठ मारून दोनदा थोपटायची सवय कुणाची? तू झोपत नसायचास, मी एका हाताने शिवायची आणि गाठ झाली की त्याच हाताने तुझ्या पाठीवर दोनदा. वहीला दोन, तुला दोन. पुढे तू मोठा झालास, वहीची सवय तेवढी राहिली.

आता तुझ्या लक्षात यायला लागलं असेल. पहिले अकरा व्हिडिओ तुझ्या बाबांचे आहेत. ते पुन्हा बघ, त्यांत हातोडी आहे, पुठ्ठा आहे, डाव्या अंगठ्याचं ते मधोमध चिरलेलं नख आहे, तू पाचवीत असताना यंत्राच्या पात्याने गेलेलं. बाराव्यापासून पुढे, म्हणजे पावणेतीनशेच्या वर, सगळे हात माझे आहेत.

झालं असं की पेज सुरू होऊन दोन-तीन आठवडे झाले असतील, एका प्राध्यापकीणबाईंचं जाड पुस्तक दुरुस्तीला आलं होतं. मी शिवून दिलं असतं, पण मावशीकडे गेले होते, म्हणून क्रम लावून, पाठीला खळ देऊन हे मोकळे झाले. बाई चार दिवसांनी परत आल्या. चौसष्ट पानांनंतर सत्त्याण्णव, मग पुन्हा पासष्ट. तुझे बाबा, ज्यांना चळत नुसती अंगठ्याने सरकवली तरी एक पान कमी आहे हे कळायचं! मी म्हटलं, चष्मा बदलायला झालाय. बाईंची माफी मागितली, सगळं सुटं करून पुन्हा केलं. पुढच्या आठवड्यात त्यांनी एका प्रबंधाला पुठ्ठा उलटा लावला. मी म्हटलं, दमलेत. कारणं शोधण्यात मी तेव्हाही कमी नव्हते. मग बारावा व्हिडिओ. फोन उभा, खिडकीतून उजेड छान, यांनी हातोडी उचलली, पाठीवर दोन ठोके दिले आणि थांबले. हातोडीकडे बघितलं, पुस्तकाकडे बघितलं, आणि मला शांतपणे विचारलं की हे इथे कुणी आणून ठेवलंय. तो व्हिडिओ माझ्या फोनमध्ये आहे. मी तो परत कधी बघितला नाही आणि पुसलाही नाही.

त्या दिवशी मंगळवार होता. तुझा नियम, खंड पडता कामा नये. संध्याकाळपर्यंत तुझे दोन मेसेज आले, आजचं काय, आजचं काय. मी यांचा निळ्या चौकड्यांचा शर्ट चढवला, बाह्यांची बटणं मनगटापर्यंत लावली, अंगठी काढून डबीत टाकली, नखं बारीक कापली आणि मला जे येतं ते केलं, वही शिवली. शेवटी थोपटणंही झालं, सवयीने. फक्त हातच तर दाखवायचे होते. तू लगेच फोन केलास, बाबा काय फॉर्मात आहेत म्हणालास! मी वाट बघत होते की आता म्हणशील, आई, हे तर तुझे हात. पुढच्या मंगळवारी वाट बघितली. नंतर वाट बघायचं सोडून दिलं आणि शर्ट खुंटीवर कायमचा टांगला. हातोडी शिकताना दोन आठवडे माझा अंगठा काळानिळा होता, तेव्हा मी तो बाहीत लपवून कामं दाखवली आणि तू लिहिलंस की या कोनातून जास्त छान दिसतं.

मी सांगितलं नाही असं नाही. यांना डोक्याच्या डॉक्टरांकडे नेऊन आणलं, असा मेसेज मी तुला केला होता. जुना आहे, पण असेल तुझ्याकडे, वर सरकवत जा, सापडेल. त्याखाली अंगठा आहे.  तो बघून मनात आलं, बरंच झालं. कारण खरं सांगायचं तर मला ते बोलायचं नव्हतं. तू जन्मभर खळीत हात घालणार नाही म्हणून घर सोडलंस, बाबा तुला नको ते बोलले, आणि सहा वर्षं तुम्ही दोघं एकमेकांशी फक्त माझ्यामार्फत बोलत होतात. तुझा निरोप मी यांना, यांचा निरोप मी तुला, आणि दोन्हीकडचे तिखट शब्द मी मधल्यामध्ये गिळायचे. या पेजमुळे तू आपणहून फोनवर बाबांना दे म्हणालास. ते नुसतं हो हो, छान, चालू दे म्हणाले, आणि तू हरखलास. सूनबाई मला कौतुकाने सांगत होती की तू म्हणतोस, बाबा किती निवळलेत. निवळले नाहीत रे. तुमचं भांडण काय होतं तेच त्यांच्या लक्षात राहिलेलं नाही. पण तुझा आवाज इतका हलका मी किती वर्षांनी ऐकला होता, तो मोडायला माझी जीभ रेटली नाही. यात माझी चूक आहे, पुरती आहे, ती तुझ्यावर ढकलायची नाही मला. पण गेल्या वर्षी तू दोन दिवस आलास, त्यातला दीड दिवस खळीच्या बादलीचे फोटो काढण्यात घालवलास. बाबा समोर खुर्चीत बसून तुझ्याकडे बघून हसत होते आणि तू त्यांना जरा बाजूला सरकायला सांगितलंस, सावली पडते म्हणून. त्याचा मला राग आहे आणि तो मी लपवणार नाही.

त्यांची काळजी करू नकोस, म्हणजे उगाच घाबरू नकोस. जेवण व्यवस्थित आहे. सकाळी दाढी करून, शर्टाची बटणं लावून कामावर यावं तसे खालच्या खोलीत येतात. मी त्यांना कोऱ्या कागदाच्या कापट्या देते, ते हाडाची पट्टी घासून घासून सुरेख घड्या घालतात, मी त्या शेजारी बसून उलगडते आणि गठ्ठ्याच्या खाली परत ठेवते. कामाचा माणूस आहे, हात रिकामे राहिले तर कासावीस होतो. मला ते बरेचदा कामावर ठेवलेली बाई समजतात आणि अहो-जाहो करतात, लग्नानंतर पहिल्यांदाच एवढा मान मिळतोय. परवा तर हळूच विचारलं की मालक तुम्हाला सुट्टी देत नाहीत का. मी म्हटलं, मालक फार खडूस आहे. त्यावर त्यांनी मान हलवली, पटल्यासारखी. दुपारी ते माझ्या फोनवर आपले व्हिडिओ लावून बसतात, एकामागून एक. पेज बघणाऱ्या तुझ्या त्या चाळीस हजारांत यांच्याइतका नेमाने बघणारा दुसरा कुणी नसेल.

काल गुरुवारी असेच बघत होते आणि मी शेजारी चहा घेऊन बसले होते. वही शिवून झाली, गाठ बसली, दोन बोटांनी दोनदा थोपटलं गेलं. यांनी व्हिडिओ थांबवला, चष्मा कपाळावर सरकवला आणि मला म्हणाले की या बाईला मी ओळखतो, ही माझी बायको, गाठ मारली की पोराला थोपटल्यासारखं थोपटते, किती वेळा सांगितलं, खळ ओली असताना थोपटू नये, ऐकेल तर शपथ. मग मलाच विचारलं की ती कधी येणार आहे, आणि ती आली की तिला सांगा, मी चहाला थांबलोय. चिकट्या, शेजारी बसलेली मी त्यांना ओळखू आले नाही आणि माझे हात ओळखू आले. तुला मी रोज ओळखू येते, आणि पावणेतीनशे वेळा माझे हात तुझ्यासमोरून गेले. म्हणून हे पत्र. रविवारचं ते टेबलाशी बसणं मी करेन, माझ्या साडीत, चेहऱ्यासकट, आणि वर काय लिहायचं ते तू नाही, मी ठरवणार. लोक जातील ते जातील, ‘वा’वाले गृहस्थ राहतील बहुतेक. पण फोन धरायला तू ये, रविवारी नाही, पत्र मिळेल त्याच दिवशी निघ. अजून ते अधूनमधून चिकट्या शाळेतून आला का म्हणून विचारतात, आणि हे किती दिवस विचारतील ते डॉक्टरही सांगू शकत नाहीत. मला एकटीला भीती वाटते. दारात आलास की आधी त्यांच्याकडे जा, माझे हात खळीत असतील.

तुझीच,
आई

ता. क. : या पत्राला अंगठा पाठवलास तर याद राख.